फादरांचे लॅटिन

ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. डी. फार्म.ला असताना हे सारे आम्ही पाढ्यांसारखे पाठ केले होते. ही एक भाषा आहे, तिला क्रियापदे आहेत, विभक्ती आहेत, हे मला वसईत दुकान टाकल्यावर एका निवृत्त फादरांनी दाखवले. त्यांचे ऋण फार मोठे आहे.

ते रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येत. एकदा प्रिस्क्रिप्शनच्या माथ्यावरच्या, शेपटीवर तिरकी रेघ मारलेल्या ‘आर’वर बोट ठेवून म्हणाले, “हे पेशंटला नाही रे, तुला लिहिलंय. रेचिपे! आज्ञार्थ, एकवचन. घे!” डॉक्टर औषध बनवणाऱ्याला सांगतो आहे: ही द्रव्ये घे, इतकी घे. त्याखाली मग मिसळायची आज्ञा, बाटलीवर सूचना लिहायची आज्ञा. मिक्श्चर दुकानातच तयार व्हायचे आणि बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली जायची, त्या काळातले हे बोलणे. आता औषधे कारखान्यातून येतात, पण ती आज्ञा अजून कागदावर आहे. आपल्याशी कोणी इतके थेट बोलते आहे हे कळल्यावर काउंटरमागे उभे राहण्याची माझी रीतच बदलली.

दुकान बंद झाल्यावर मी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागलो. फीचे नावही त्यांनी काढू दिले नाही. माझे शाळेतले संस्कृत त्यांनी बरोबर हाताशी धरले. ‘तेर दिए सुमेन्दुम’ म्हणजे टीडीएस. ‘तेर’ हा ‘त्रिः’चा सख्खा भाऊ, ‘दिए’ आणि ‘दिवस’ एकाच कुळातले. ‘सुमेन्दुम’पाशी मात्र ते खूप वेळ थांबले. घेतले असे नाही, घे असेही नाही, घ्यावयाचे. एसओएसला लोक बुडत्या जहाजाची हाक समजतात. चिठ्ठीवर ते असते ‘सी ओपुस सित’, गरज असेल तर. त्या ‘सित’मधला ‘असेल तर’ मनात बसल्यापासून मी प्रत्येक आजीला बजावतो, “दुखलं तरच घ्या हं, रोज नको.”

पुढे ही भाषा सगळीकडेच भेटू लागली. वर्तमानपत्रातले हेबिअस कॉर्पससुद्धा ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्याला उद्देशून आहे: त्याला सदेह हजर कर.

फादरांची सेमिनरीतली पाठ्यपुस्तके लॅटिनमध्ये होती, त्यांची पहिली मिस्साही लॅटिनमधलीच. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि पुढे मिस्सा मराठीत आली. एवढी जिवापाड शिकलेली भाषा वेदीवरून उतरली, तेव्हा वाईट वाटले का, असे मी विचारले. “माझ्या आईला तेव्हा पहिल्यांदा कळलं, मी तिथे उभा राहून काय म्हणतो ते,” ते म्हणाले. “वाईट कसलं वाटायचं?”

आज ते नाहीत. चिठ्ठ्यांवर आता बऱ्याचदा १-०-१ असे छापून येते. मी प्रत्येक पाकिटावर पेनने मराठीत लिहितो: सकाळी जेवल्यावर एक, रात्री झोपताना एक. गर्दीच्या वेळी रांग खोळंबते, तरी लिहितो. ही सवय मला त्यांच्या लॅटिनने लावली.