‘नाते’ नावाचा रकाना

गेल्या वर्षी आमच्या नायगावच्या बी. डी. डी. चाळीत एक छापील कागद दारोदार फिरला. चाळ आज ना उद्या पाडायची. एकशेसाठ चौरस फुटांची खोली देऊन पाचशे फुटांची जागा घ्यायची. तेव्हा आपलीही एक यादी आपल्यापाशी असावी, म्हणून चाळीतल्या मुलांनी तो हौसेने तयार केला होता. प्रत्येक माणसाचे नाव, वय आणि नाते. मी मराठीची एम. ए., कॉलेजात शिकवते. त्यामुळे घरातले सगळे कागद माझ्याच पुढ्यात येतात. मी आईचे नाव लिहिले, माझे लिहिले, मग काकांचे लिहिले आणि तिसऱ्या रकान्यापाशी पेन अडले.

काका आमचे कोणीच नव्हेत. माझे वडील गिरणीत होते आणि आई दहाबारा गड्यांची खानावळ चालवी. काका त्या गड्यांपैकी एक, मूळचे राजापूरकडचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. गडी एकेक करून गावी गेले आणि आईची उधारी त्यांच्याबरोबर कोकणात आणि घाटावर गेली ती गेलीच. काका तेवढे मागे राहिले. त्यांनी रखवालदारी धरली, महिन्याच्या महिन्याला खानावळीचे पैसे चुकते केले, आणि १९८६ साली वडील वारले तेव्हा ते पैसे दुप्पट देऊ लागले. निजायला मात्र बाहेर गॅलरीत. पहाटे मी उठायच्या आत त्यांची वळकटी बांधून कोपऱ्यात उभी असे. आई त्यांना ‘भावजी’ म्हणते, ते तिला ‘वैनी’ म्हणतात. चाळीत कुजबूज झाली नसेल असे नाही. परंतु आमच्या आईच्या जिभेपुढे ती फार दिवस टिकली नसावी! माझ्या प्रगतिपुस्तकावर ‘पालकाची सही’ ह्या जागी आठ वर्षे काकांचीच सही आहे. सही कसली, एकेक अक्षर ते जपून मांडीत, जणू काचेचे सामान.

आणि मी त्या रकान्यात लिहिले, ‘परिचित’.

शब्द अगदी शुद्ध आहे. काकांनी चष्मा लावून कागद वाचला. “बरोबर लिवलंस, बाय,” म्हणाले आणि बादली घेऊन नळावर गेले.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात वर्गात नारायण सुर्वे शिकवायचे होते. ‘माझे विद्यापीठ’ हा त्यांचा १९६६ चा संग्रह. सुर्व्यांवरची उत्तरे तपासताना दर वर्षी एकच वाक्य माझ्या नशिबी येते : सुर्वे हे क्रांतिकारी कामगारकवी होते. चूक नाही, पण हे वाक्य लिहिले की मुलांना पुस्तक उघडावेसे वाटत नाही. आम्हीच ते शिकवले, दोष त्यांना काय द्यायचा? मला विचाराल तर सुर्वे हे आधी घराचे कवी. ज्याला घर आयते मिळालेले नसते, त्याला घराची एकेक वीट ठाऊक असते.

१९२६ च्या सुमारास ह्याच गिरणगावात रस्त्यावर टाकून दिलेले एक तान्हे मूल गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणीकामगाराने उचलून घरी आणले. त्याच्या बायकोने, काशीबाईने, त्याला आपले केले. तीही गिरणीतच राबणारी. पुढे शाळेत घालताना नाव लागले ते नारायण गंगाराम सुर्वे. गंगारामाला कोणी विचारले असेल का, नाते कोणते म्हणून? तो पोर दहाएक वर्षांचा होतो न होतो तो गंगाराम काम सोडून गावी गेला आणि पोरगा मुंबईत एकटा उरला. पण दिलेले नाव त्याने परत घेतले नाही. त्या नावाने सुर्वे महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई झाले, मग शिक्षक झाले. पुढे १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. त्यांच्या पत्नी कृष्णाबाई ह्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘मास्तरांची सावली’ असे आहे. कवी नव्हे, अध्यक्ष नव्हे, मास्तर!

त्या मास्तरांची ‘तुमचंच नाव लिवा’ नावाची कविता मी त्या दिवशी वाचून दाखवली. शरीर विकून जगणारी एक बाई मुलाला शाळेत घालायला आणते. बापाच्या नावाचा प्रश्न येतो. तेव्हा तिची मास्तरांना जी विनवणी आहे, तीच कवितेचे नाव झाली आहे. वाचताना माझ्या मनात आले, हा रकाना भरणाऱ्या मास्तराचे स्वतःचे नावही कोणा परक्यानेच असे दिलेले. वर्ग गप्प होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, तुम्ही त्या जागी असता तर काय लिहिलं असतं?”

एरवी मी अशा प्रश्नावर दहा मिनिटे बोलले असते. त्या दिवशी तास दोन मिनिटे आधीच सोडला.

संध्याकाळी यादी करणाऱ्या मुलांकडून कागद मागून आणला. ती हसली. “मॅडम, ही नुसती आपली यादी. हिच्यावर कोणाला काही मिळायचं नाही.” मला ठाऊक होते. ‘परिचित’ खोडून त्यावर ‘काका’ लिहिले. तेही पुरे वाटेना. काका तर चाळीत प्रत्येकाला चारचार असतात. मग तेही खोडले. आई पोळ्या लाटीत होती. “सुनेच्या हातचं गोडधोड असल्यासारखं काय चाखत बसलीस त्या कागदाला? लिही एकदाचं,” म्हणाली. मी ‘पालक’ असे लिहिले आणि गॅलरीत जाऊन कागद काकांच्या हाती दिला.

त्यांनी पुन्हा चष्मा शोधला. बराच वेळ वाचत राहिले. दोन खोडलेले शब्दही त्यांनी वाचले असणार. मग सदऱ्याच्या खिशातले पेन काढून टोपण उघडले.

“सही कुठं करायची, बाय?”

तसा रकाना त्या कागदावर नव्हता. मी समासात बोट ठेवले.