मी पाहिलेली एक जुनी कुस्ती

टीव्हीवरची अमेरिकन 'प्रो रेसलिंग' तुम्ही पाहिली असेलच. "अरे, ते सगळं खोटं असतं!" असं मोठी माणसं म्हणतात. निकाल आधी ठरलेला असतो, हे खरंच आहे. मग त्यात पाहायचं तरी काय?

त्यासाठी एक जुना कार्यक्रम जरूर पाहा. २३ फेब्रुवारी २००२ रोजी फिलाडेल्फियात 'रिंग ऑफ ऑनर' या नव्या, छोट्या संस्थेचा पहिला कार्यक्रम झाला. एडी गरेरो आणि सुपर क्रेझी यांची लढत त्यात आहे, तीही छान आहे. पण मला सर्वांत आवडली ती शेवटची लढत. लो की, क्रिस्टोफर डॅनियल्स आणि ब्रायन डॅनियलसन हे तिघे एकाच वेळी रिंगणात उतरतात. लो कीच्या लाथा पाहताना आपलंच अंग आखडतं.

या संस्थेचा नियम होता, प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवायचा. लो की जिंकला, पण डॅनियल्सने हात मिळवला नाही. हाही कथेचाच भाग, तरी पाहताना राग येतोच! का बरं?

कारण या खेळात आपटणाऱ्यानेच समोरच्याची मान सांभाळायची असते. जरा चूक झाली, तर दुखापत खरीच होते. म्हणजे प्रत्येक डावात एक जण आपला जीव दुसऱ्याच्या हाती देतो. हात मिळवणं म्हणजे त्या विश्वासाचे आभार मानणं.

म्हणून मित्रांनो, निकाल ठरलेला असेल, पण जबाबदारी खोटी नसते. खेळ पाहताना कोण जिंकलं एवढंच पाहू नका, कोणी कोणाला सांभाळलं तेही पाहा.