बारा बटणं, एक अंगठा

सैन्यात नवी वस्तू घ्यायची तर आधी तिची ट्रायल होते. कंपनीला सांगितलं जातं, 'नो कॉस्ट, नो कमिटमेंट'. म्हणजे वस्तू तुम्ही आणा, खर्च तुम्ही करा, आणि आम्ही ती घेऊच असं धरून चालू नका. मग ती उन्हात, पावसात, डोंगरावर वापरून पाहतात. रायपूरच्या पोस्टिंगमध्ये मीही एक ट्रायल घेतली. वस्तू होती गेम खेळायचा माऊस, आणि ट्रायलची जागा होती पंडरीचं कापड मार्केट.

पंडरी रायपूरकरांना सांगावी लागत नाही. इथला बसस्टँड आता भाठागावला गेला, पण मार्केटची गर्दी तशीच आहे. बोळाबोळांत कापडाचे गठ्ठे, हमाल, आणि छत्तीसगढभरातून माल न्यायला आलेले दुकानदार. यातल्याच एका ठोक साड्यांच्या दुकानात माझे जुने हवालदार बिलिंगला बसतात. मी कॅप्टन होतो तेव्हा ते माझ्या कंपनीत नाईक होते. गाव गोंदिया जिल्ह्यातलं, सासुरवाडी रायपूरची, दुकान मेहुण्याचं. आयईडीच्या स्फोटात त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. अंगठा, अनामिका, करंगळी शाबूत. निवृत्तीआधी त्यांनी खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये संगणकाचं शिक्षण घेतलं. जखमी सैनिकांना हातचं काम शिकवणारी ही संस्था १९१७ सालची आहे.

अडचण साधी होती. माऊस बनतो तो तर्जनीसाठी. क्लिक तर्जनीने, चाक तर्जनीने नाहीतर मधल्या बोटाने. ही दोन्ही नसल्यामुळे हवालदारसाहेब माऊसही डाव्या हाताने धरत आणि कीबोर्डही डाव्याच हाताने चालवत. दिवाळीच्या तोंडावर बिलांचा ढीग साचला, तेव्हा मेहुणा प्रेमानेच म्हणाला, "भाऊजी, तुम्ही गल्ल्यावर बसा, बिलिंगला एक पोरगा ठेवतो." त्याचा हेतू वाईट नव्हता. पण हवालदारसाहेब मला फोनवर म्हणाले, "साहेब, मला ड्यूटीवरून उतरवतायत."

पहिला उपाय फुकटचा केला. विंडोजमध्ये माऊसचं डावं-उजवं बटण बदलता येतं. त्यामुळे अनामिकेने क्लिक जमू लागलं. पण उजवं क्लिक आणि चाक हाताबाहेरच राहिलं, आणि टॅलीतल्या प्रत्येक फंक्शन-कीसाठी डाव्या हाताची धावपळ तशीच होती.

तेव्हा घरातल्या एका खोक्याची आठवण झाली. मुलगा पूर्वी ज्या माऊसवर गेम खेळायचा तो लॉजिटेकचा जी-६०० त्यात पडून होता. हा माऊस २०१२ मध्ये बाजारात आला. त्याला एकूण वीस बटणं. त्यांपैकी बारा डाव्या कुशीवर, अंगठ्याखाली, सहा-सहाच्या दोन गटांत. शिवाय नेहमीच्या दोन बटणांच्या उजवीकडे तिसरं मोठं बटण, खास अनामिकेसाठी. अनेक खेळाडू एकत्र खेळतात त्या गेममध्ये मंत्र-तलवारी चालवायला केलेली ही रचना. मला त्यात आमच्या हवालदारांचा हात दिसला. जी बोटं उरली होती, बटणं नेमकी त्यांच्याच खाली होती.

कुठलं बटण काय करील हे सॉफ्टवेअरमधून ठरवता येतं, आणि ते माऊसच्या स्वतःच्या मेमरीत साठतं. हा गुण मोठा. सेटिंग माझ्या लॅपटॉपवर केलं आणि माऊस दुकानाच्या संगणकाला लावला. तिथे काही घालावं लागलं नाही. अनामिकेच्या बटणाला डावं क्लिक दिलं. अंगठ्याला एफ-८ म्हणजे विक्री, एफ-६ म्हणजे आलेले पैसे, कंट्रोल-ए म्हणजे व्हाउचर सेव्ह, एस्केप, आणि चाकाऐवजी पेज-अप, पेज-डाउन.

ट्रायल रीतसर घेतली. तीच दहा बिलं, घड्याळ लावून. पहिल्या दिवशी जुन्या पद्धतीपेक्षा जास्त वेळ लागला. आठवड्याने बरोबरी झाली. तिसऱ्या आठवड्यात दहा बिलं जुन्या वेळेच्या दोन-तृतीयांशात होऊ लागली. पण त्याच आठवड्यात अंगठ्याचा सांधा दुखू लागला. उत्साहात हवालदारसाहेबांनी बाराही बटणं कामाला लावली होती! डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. मग आम्ही पुन्हा सहावर आलो आणि तासाला दहा मिनिटं हात मोकळा ठेवायचा नियम केला. उरलेला अंगठा हाच खरा राखीव साठा. तो एका सीझनमध्ये संपवून चालणार नाही. व्रणाला कड घासू नये म्हणून बुटातल्या मऊ सोलचा तुकडा कापून माऊसवर चिकटवला.

श्रेय एकट्या माऊसचं नाही. आकड्यांचा स्वस्तातला वेगळा कीपॅड घेऊन कीबोर्डच्या डावीकडे ठेवला, त्याने निम्मं काम हलकं झालं. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जगाला माऊस दाखवला, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताखाली माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा छोटा कीपॅड. दोन हातांनी काम वाटून घ्यायचं ही कल्पना तितकी जुनी आहे. बाजारात फक्त माऊस टिकला.

हात जखमी असलेले माजी सैनिक हे वाचत असतील, त्यांच्यासाठी ट्रायलचा निष्कर्ष. आधी फुकटचं बटण-बदल करून पाहा. कंपनीच्या नावापेक्षा स्वतःचा हात पाहा: कुठलं बोट किती पोचतं, किती दमतं. सेटिंग माऊसच्या आतच साठतं का, ते विचारा. अंगठ्याच्या बटणांचे माऊस बहुतेक उजव्या हाताचे असतात. रेझरच्या नागा या माऊसची डाव्या हाताची आवृत्ती निघाली होती. आणि विकत घेण्याआधी कुणाकडून मागून निदान दोन आठवडे वापरा. पहिल्या दिवशी सगळेच नापास होतात.

बिलिंगचा पोरगा ठेवला गेला, पण तो गल्ल्यावर बसतो. मेहुण्याच्या मुलाला त्या माऊसवर एकदा गेम खेळून पाहायचा होता. हवालदारसाहेबांनी साफ नकार दिला. म्हणाले, "बेटा, आपलं हत्यार दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं."