गाण्यातलं नाव

आषाढ वद्य एकादशीला संत नामदेवांच्या नर्सीला परतवारी भरते. आजोबांबरोबर गेलो की माझे कान अभंगाच्या शेवटाकडे लागलेले असायचे. 'नामा म्हणे' आलं की टाळांचा ठेका चढायचा. देवाच्या गाण्यात माणूस आपलं नाव घालतो आणि कुणी त्याला गर्विष्ठ म्हणत नाही, याची मोठी गंमत वाटायची. नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे कळलं नर्सीला येणाऱ्या शीख भाविकांमुळे.

पुढे 14 एप्रिलच्या, आंबेडकर जयंतीच्या रात्री भोंग्यावर वामनदादा कर्डकांची गाणी ऐकली. तिथेही शेवटच्या कडव्यात 'वामन' हजर. थोरला भाऊ तेव्हा हिंगोलीत कॅसेटच्या दुकानात कामाला होता. दिवसभर कोऱ्या कॅसेटी भरून द्यायचा. दुकान जोरात चालायचं. गाणं रचणाऱ्याच्या हातात त्यातलं काय पडत असेल, हा विचार आमच्या घरात कुणाला शिवला नाही.

आता पुतण्याच्या मोबाइलवर डिव्हाइन हा रॅपर असतो. अंधेरीच्या जे. बी. नगरातला विवियन फर्नांडिस. शाळेत एका दोस्ताच्या टी-शर्टवर त्याने 50 सेंट हा अमेरिकन रॅपर पाहिला, दोस्ताने गाण्यांची सीडी दिली आणि पोरगं त्यात अडकलं ते कायमचं. 2019 मध्ये, त्याच्यासारख्या रॅपरांच्या आयुष्यावरून सुचलेला 'गली बॉय' सिनेमा आला त्याच वर्षी, त्याने गली गँग ही स्वतःची कंपनी काढली.

टी-शर्टवरचा तो 50 सेंट, म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला कर्टिस जॅक्सन, तर पक्का व्यापारी. 2000 साली नऊ गोळ्या लागूनही वाचला, 2003 च्या अल्बमने जगभर गाजला. व्हिटॅमिनवॉटरची जाहिरात करताना त्याने कंपनीतच हिस्सा घेतला. 2007 मध्ये कोका-कोलाने ती कंपनी 4.1 अब्ज डॉलरला घेतली. 2015 मध्ये याच गड्याने दिवाळखोरीचा अर्ज केला, हेही खरं.

या रॅपरांच्या गाड्या, साखळ्या, 'मी, मी' यांचा मला कंटाळा येतो. नामा नाव घेतो ते देवापुढे वाकून; हे घेतात छाती काढून. पण ते कॅसेटचं दुकान आठवलं की वाटतं, घेऊ द्या.

पुतण्याने हळदीच्या भावावर रॅप जुळवलाय. दाराला गोधडी टांगून रेकॉर्ड केला, तरी शेजारच्या हळद पॉलिश करणाऱ्या ढोलाची घरघर आत शिरलीच. शेवटी स्वतःचं नाव आहे, दोनदा. भावाने पूर्ण ऐकला आणि एवढंच म्हणाला, "टाकायचं तं तुह्याच नावानं टाक. कंपनीला देऊ नको."