गाणं ऐकायला मिरजेला

मुलांनो, आमच्या गंगाखेडच्या माणसानं पंढरपूरला जावं यात नवल ते काय? संत जनाबाई मूळच्या इथल्या. लहानपणीच त्या पंढरपूरला, नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी गेल्या नि तिथल्याच झाल्या. तेव्हापासून आमच्या गावाची पावलं त्याच दिशेला वळतात. पण पंढरपूरच्याही पुढे, त्याच रुळांवर एक गाव आहे. तिथे आम्ही गेलो ते देवदर्शनाला नव्हे, लग्नाला नव्हे, चक्क गाणं ऐकायला! आणि तेसुद्धा ज्यांची नावं कधी कानांवर आली नव्हती अशा माणसांचं.

"एवढ्या लांब? आणि मोबाईलवर काय गाणी मिळत नाहीत का?" आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलंच.

अहो काकू, जगभर माणसं गाण्यासाठी प्रवास करतात! इंग्लंडात मायकेल ईव्हिस नावाच्या शेतकऱ्यानं १९७० साली आपल्या गाईंच्या कुरणात गाण्याचा मेळा भरवला. तिकीट एक पौंड, आणि त्यात दूध फुकट! तोच आजचा ग्लास्टनबरी महोत्सव. आता तिथे दोन लाख माणसं तंबू ठोकून राहतात, आणि दर काही वर्षांनी एक वर्ष मेळा बंद ठेवून जमिनीला विश्रांती देतात. आपल्या पडीक रानासारखंच की! आम्हाला काही इंग्लंडला जाणं जमणार नव्हतं. पण नागपूर-कोल्हापूर गाडी गंगाखेडवरूनच जाते, आणि ती मिरजेला थांबते.

तर आम्ही तीन शिक्षिका आणि घरची पाच पोरं असे निघालो. परळी, लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला अशी ही वाट. लातूर ते मिरज या मार्गावर पूर्वी 'बार्शी लाइट रेल्वे'ची चिमुकली गाडी धावायची. तिचे रूळ अवघे अडीच फूट रुंदीचे. १९२७ साली ती मिरजेपर्यंत पोचली. आता तिथे मोठे रूळ आहेत.

पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला एक पीक होतं, त्याचा आपल्या गोष्टीशी फार जवळचा संबंध आहे. ते पीक म्हणजे भोपळा. भाजीचा नव्हे हं! हा कडू, जाड सालीचा, दोन हातांत मावणार नाही एवढा. शेतकरी तो वेलावरच पिकवतो, खडखडीत वाळवतो, आणि मग भोपळा निघतो मिरजेला, तंबोरा व्हायला.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिरलं की दुकानांतून भोपळेच भोपळे टांगलेले दिसतात. कारागीर भोपळा पाण्यात भिजवतो, वरची टोपी कापतो, आतला गर आणि बिया खरवडून काढतो. मग तूनच्या लाकडाची पोकळ दांडी त्याला जोडतो. तिच्यावर नक्षी, रोगण, खुंट्या, चार तारा. सगळ्यात नाजूक काम शेवटी. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानसीनं घासायचा, तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवायचा आणि कान देऊन ऐकायचं. आधी तार नुसती 'टण्ण' वाजते. धागा नेमक्या जागी आला की तोच आवाज भुंग्यासारखा गुंजायला लागतो. याला जवारी म्हणतात. आमच्यातल्या एका पोरानं विचारलं, "काका, तो धागा कुठे ठेवायचा ते मोजता कशानं?" कारागीर हसले आणि त्यांनी कानाकडे बोट केलं.

हे कारागीर पूर्वी शिकलगार होते, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजांचं राज्य आलं, हत्यारांचं काम सुटलं. साधारण १८५० च्या सुमारास मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं ते वाद्यं करू लागले. त्यात फरीदसाहेबांचं नाव आजही आदरानं घेतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नुसतं 'मिरजेचं' असं नाव लावून दुसरीकडचा माल विकायला आता कायद्यानं बंदी आहे. पण गल्लीतली चिंता वेगळीच आहे. तंबोऱ्याची जागा आता विजेवर वाजणाऱ्या पेटीनं आणि मोबाईलनं घेतली आहे. हाताला घट्टे पाडणारं हे काम नव्या पोरांना नको वाटतं. मला विचाराल तर मोबाईलचा तंबोरा रियाजाला ठीक आहे, पण चार तारांच्या तंबोऱ्याजवळ एकदा कान नेऊन बघाच.

हे गाव गाण्याचं कसं झालं? त्यासाठी उत्तर प्रदेशातल्या कैराना गावच्या एका मुलाकडे जायला हवं. अब्दुल करीम खाँ त्याचं नाव, जन्म १८७२. गात गात ते बडोदा, मुंबई, पुणे असे फिरले आणि शेवटी मिरजेत राहिले. त्यांच्या घराण्याला 'किराणा' म्हणतात ते कैराना गावावरून, वाणसामानावरून नव्हे! त्यांच्या टिपू नावाच्या कुत्र्याला सुरात भुंकता येई म्हणे. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्यावर खाँसाहेबांची भारी श्रद्धा. १९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं, म्हणून सिंगपेरुमलकोइल या लहानशा स्टेशनावर उतरले. त्यांनी तंबोरा लावायला सांगितला, ईश्वराचं नाव सुरात घेतलं आणि तिथेच प्राण सोडला. त्यांची कबर मिरजेच्या या दर्ग्यातच आहे.

म्हणून दर्ग्याचा उरूस भरतो तेव्हा खाँसाहेबांच्या आठवणीत गाण्याची सभा होते. उरुसाचा मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. गायला हिंदू येतात, मुसलमान येतात. थोर गवय्ये इथे येऊन 'हजेरी' लावून गेलेत. ऐकणारे खाली बसतात, तिकीट नाही, मखमली खुर्च्या नाहीत. एका बाजूला उरुसातल्या पाळण्यांचा कलकलाट आणि दुसऱ्या बाजूला तंबोरे जुळवणं चाललेलं.

मोठ्या नावाचे कलाकार रात्री उशिरा बसतात. त्याआधी नवे. आमच्या समोर एक कॉलेजच्या वयाची मुलगी बसली. पोरं कुजबुजली, "ही कोण? मोठे कधी येणार?" तिनं एकच सूर लावला आणि तिथेच थांबली. पुन्हा तोच. जरा वर, पुन्हा तिथेच. दहा मिनिटं शब्द नाहीत! एक पोरगा पेंगायला लागला. मग हळूहळू ती वर सरकली आणि वरचा 'सा' लागला, तेव्हा शेजारचे एक म्हातारे आजोबा डोळे मिटूनच "वा!" म्हणाले. पेंगणारा पोरगा दचकून जागा झाला आणि मग शेवटपर्यंत झोपला नाही. पहाटे चहाच्या टपरीवर त्यानं तिचं नाव वहीत लिहून घेतलं. आधीपासून माहीत असलेल्या मोठ्या नावांपैकी एकही त्यानं लिहिलं नव्हतं.

नवा आवाज कानात शिरला की माणूस काय करील सांगता येत नाही. गदगच्या भीमसेन जोशी नावाच्या अकरा वर्षांच्या मुलानं याच खाँसाहेबांची झिंझोटीतली एक ठुमरी तबकडीवर ऐकली आणि १९३३ साली तो घर सोडून पळाला! (तुम्ही पळू नका. आईबाबांना बरोबर घ्या.) आगगाडीत गाणी म्हणत, पोटाचे हाल काढत तो ग्वाल्हेर, पार जालंदरपर्यंत गेला. जालंदरला १८७५ पासून हरवल्लभ संगीत संमेलन भरतं. तिथे विनायकबुवा पटवर्धन भेटले. ते म्हणाले, अरे, तुझ्या घराजवळच्या कुंदगोळात सवाई गंधर्व असताना तू इथे कशाला? सवाई गंधर्व म्हणजे खाँसाहेबांचेच शिष्य! पोरगा परत फिरला आणि त्यांच्याकडे शिकला. पुढे गुरूच्या आठवणीत भीमसेनांनी १९५३ साली पुण्यात सुरू केलेला महोत्सव आज साऱ्या देशाला ठाऊक आहे.

मिरजेला जायचं असेल तर आधी चौकशी करा. उरूस चंद्राच्या महिन्यांप्रमाणे येतो, म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. परीक्षेच्या दिवसांत आला तर नवरात्र गाठा. तेव्हा मिरजेच्या अंबाबाईच्या देवळातही गाणं असतं. बसायला सतरंजी, पांघरायला चादर आणि एक वही न्या. आणि सतारमेकर गल्लीत सकाळी लवकर जा. त्या वेळी कारागीर जवारी लावत असतात आणि रस्त्यावर गाड्यांचा आवाज कमी असतो.