सूर्यास्ताआधीची गोळी



"भोगूनच संपवायचं, कर्माची निर्जरा होते." आजाऱ्याच्या उशाशी बसून हे म्हणायला काही लागत नाही. आमच्या काकींच्या, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंच्या खोलीत मी ते रोज ऐकत होते. शिरोळ तालुक्यातलं खेडं. स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरलेला. दवाखान्यानं "आता घरी न्या" म्हणून सोडलं, पण घरी नेऊन करायचं काय, ते सांगितलं नाही.

ते शिकवलं उपशामक सेवेच्या सिस्टरनी. आठवड्यातून एकदा स्कूटीवरून यायच्या. दुखणं दहापैकी किती ते विचारायच्या, पाठ बघायच्या, चादर ओढून कूस कशी बदलायची ते माझ्या जावेला दाखवायच्या. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं. जवळच्या एकाही मेडिकलमध्ये मिळेना. 2014 साली कायदा बदलून मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं, पण खेड्यातल्या माणसाला अजून बसचं तिकीट काढावंच लागतं.

गोळी आली आणि नवीनच अडचण. ती दर चार तासांनी घ्यायची, आणि काकी सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत, लग्नापासून. रात्री कण्हायच्या, पण तोंड उघडायच्या नाहीत. दीर चिडायचे, "आई, कुणासाठी हे?" काकी भिंतीकडे वळायच्या.

सिस्टरनी वाद घातला नाही. दिवसभरात किती गोळ्या, किती वाजता, किती आराम, हे लिहून ठेवायला सांगितलं. वही मी धरली, जमाखर्चाची सवय आहेच! त्यावरून डॉक्टरांनी बारा तास टिकणारी गोळी बसवून दिली. अख्खी गिळायची, कुटायची नाही, आणि पोट साफ राहायचं औषध रोज बरोबर. चैत्राचे दिवस, दिवस-रात्र जवळपास सारखी. एक सूर्योदयानंतर, एक सूर्यास्ताआधी. चौथ्या दिवशी काकींनी स्वतःहून जपमाळ मागितली. त्याआधी वेदनेत णमोकारही पुरा होत नव्हता.

शेजारच्या आक्कांनी हळूच विचारलं, "सल्लेखना घेतली का?" नाही हो. सल्लेखना हे ज्याचं त्यानं घ्यायचं व्रत. काकी तर सकाळी पेज मागत होत्या. या उपचारानं मरण लवकर आणायचं नसतं, लांबवायचंही नसतं.

आणि निर्जरेचंच बोलायचं तर बारा तपांत उपवास बाह्य तपात येतो, वैयावृत्त्य अभ्यंतर तपात. आपण अठाईचं पारणं थाटात करतो. रात्री दोनदा उठून सासूची कूस बदलणाऱ्या माझ्या जावेचं पारणं कुणी केलं नाही.

केरळात 1993 साली कालिकतला हे काम सुरू झालं आणि पुढे शेजारपाजारच्या साध्या माणसांनी शिकून घेऊन ते गावोगाव नेलं. आमच्या महिला मंडळात गेल्या महिन्यात सिस्टर आल्या होत्या. सतरंजीवर एकीला झोपवून आम्ही अकरा जणी चादर ओढायला शिकलो. पुढच्या खेपेला जखम धुणं आहे. जवळपासच्या असाल तर या, जुनं सुती लुगडं घेऊन.