विंचवाचं बिऱ्हाड

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती. तिनं आणि तिच्या कॉलेजातल्या तिघांनी मिळून एक छोटं ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहिलंय, त्याची वेबसाइट करायची होती. मी गॅसवर चहाचं आधण ठेवलं. तिनं मार्कडाउनमधली एक फाइल गिटहबवर चढवली, सेटिंगमध्ये जाऊन ‘पेजेस’ चालू केलं. मी आलं किसून टाकेपर्यंत साइट उभी! पत्ता आहे, पत्त्याशेजारी कुलूप आहे, मोबाइलवर नीट दिसतेय. भाडं शून्य.

“झालं?”

“झालं की. का रे मामा, तुम्ही लोक काय मुहूर्त काढायचात?”

मुहूर्त नव्हतो काढत. पण आमचं पहिलं बिऱ्हाड मांडायला तीन आठवडे लागले होते.

गोष्ट 2001ची, पुण्यातली. मी आणि माझा एक मित्र दिवसा नोकरी करायचो आणि रात्री एक प्रोग्राम लिहायचो. तेव्हा मराठी टायपिंग म्हणजे ज्याचा त्याचा फॉन्ट. शिवाजी, शुषा, आयएसएमवाले वेगळेच. एका फॉन्टातलं लग्नाचं निमंत्रण दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं, की नवरा-नवरीच्या जागी कंस, आकडे आणि इंग्रजी अक्षरांची भेळ दिसायची. असला मजकूर युनिकोडमध्ये आणणं हे आमच्या प्रोग्रामचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप व्हायची आणि अक्षर नंतर. युनिकोडला आधी अक्षर लागतं, मग वेलांटी. रफाराचं नेमकं उलटं. जुन्यात तो शेवटी माथ्यावर बसवायचा, युनिकोडमध्ये तोच ‘र’ आधी साठवायचा. ‘आर्थिक’ या शब्दात दोघंही एकाच अक्षरावर येऊन बसतात. जरा चुकलं की ‘आथिर्क’. या एका शब्दानं आमच्या किती रात्री खाल्ल्या, त्याचा हिशेब नाही.

प्रोग्राम झाला, पण ठेवायचा कुठे? फुकट जागा म्हणजे जिओसिटीज, हे तेव्हाचं सार्वत्रिक उत्तर. तिथे एके काळी पेठांसारख्या वस्त्या होत्या. कॉम्प्युटरवाल्यांनी ‘सिलिकॉन व्हॅली’त राहायचं आणि घराला नंबर घ्यायचा. 1999मध्ये याहूनं ते गाव विकत घेतलं. पण पानाच्या कडेला जाहिराती यायच्या, आणि “आपल्या ओट्यावर दुसऱ्याचं दुकान नको,” असं मित्राचं म्हणणं.

दुसरी जागा सोर्सफोर्ज, 1999च्या शेवटी सुरू झालेली. ओपन सोर्सवाल्यांसाठी ती जणू धर्मशाळाच होती. कोड ठेवायला सीव्हीएस, चुका नोंदवायची सोय, वेबसाइटला जागा, सगळं फुकट. पण आत जायला अर्ज करावा लागे. प्रकल्प काय आहे, कुणाच्या उपयोगाचा, लायसन्स कुठलं? तो अर्ज तिकडचं कुणीतरी खरोखर वाचणार होतं. सोसायटीत भाड्यानं जागा मागताना माणूस जसा जपून बोलतो, तसा तो दोन परिच्छेदांचा इंग्रजी अर्ज आम्ही पाच वेळा लिहिला. लायसन्सच्या रकान्यावर आठवडाभर भांडलो. त्या निमित्तानं जीपीएल आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं अथपासून इतिपर्यंत वाचलं. मंजुरीचं पत्र आलं त्या संध्याकाळी आम्ही मिसळ खाल्ली.

घरच्या डायल-अपवर फोनचं बिल धावायचं, म्हणून पानं घरी नोटपॅडमध्ये लिहायची आणि चढवायची सायबर कॅफेतून. 1.44 एमबीच्या दोन फ्लॉपी, दोन्हींत तोच ऐवज, कारण त्यांतली एक हमखास दगा द्यायची. पानावर खणणारा मजूर आणि ‘काम चालू आहे’ची पाटी, टेबलांच्या चौकटीत बसवलेला मजकूर, आणि तळाला काउंटर. महिन्याभरात त्या काउंटरवर चारशे बारा आकडा झाला. त्यातले दोनशे आम्ही दोघंच असणार.

गंमत अशी, की युनिकोडचा प्रचार करणारं आमचं पान स्वतः जुन्याच फॉन्टात होतं. लोकांकडे विंडोज 98. एक्सपी आलं तरी त्यात भारतीय भाषांची सोय वेगळी चालू करावी लागे, आणि ती मागे मूळ सीडी. त्यामुळे पानावर पहिलं वाक्य: ‘आधी हा फॉन्ट उतरवून घ्या.’ आणि शेवटचं: ‘या प्रकल्पामागे कोणताही आर्थिक हेतू नाही.’

पुढे दिवस बदलले. नुसती पानं म्हणजे मागासलेपण, साइटला डेटाबेस पाहिजे, असं सगळ्यांनाच वाटू लागलं. मग अमृततुल्यात बसून वाद: द्रुपल, जूमला की वर्डप्रेस? नावांवरूनही चर्चा व्हायची. द्रुपलच्या कर्त्याला, बेल्जियमच्या ड्रीस बाउटार्टला, आपल्या साइटसाठी ‘गाव’ अशा अर्थाचा डच शब्द नोंदवायचा होता. टाइप करताना अक्षरं उलटसुलट झाली आणि ‘थेंब’ झाला. त्या थेंबाच्या डच नावावरून पुढे द्रुपल. अक्षरांची अदलाबदल हाच आमचाही धंदा, म्हणून मित्राचं मत तिकडे. जूमला हे स्वाहिलीतल्या ‘जुमला’वरून, अर्थ ‘सगळे मिळून’. आपल्याकडच्या जुमल्यापायी आमचा त्यावर विश्वास बसेना. वर्डप्रेस 2003चं, सगळ्यात सोपं, आणि म्हणूनच आमच्या लेखी हलकं.

द्रुपल घेतलं आणि दोघंही साइटचे वॉचमन झालो. आज सुरक्षेची दुरुस्ती, उद्या नवी आवृत्ती, परवा जुनं मोड्यूल नव्या आवृत्तीत चालेना. मूळ प्रोग्राममध्ये वर्षभर एक ओळ वाढली नाही. मग एकदा स्वस्त म्हणून होस्टिंग बदललं. नव्या ठिकाणी मायएसक्यूएल युरोपीय अक्षरांच्या कोष्टकावर चाललेलं. तो त्याचा तेव्हाचा जन्मजात स्वभाव. आम्ही न बघता डेटा ओतला. सकाळी साइट उघडली तर सगळ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं. अक्षराला एक, काना-वेलांटीला आणखी एकेक, मोजून. जगाचं मराठी सुधारायला निघालेल्यांच्या घरात हा उजेड!

दरम्यान आजूबाजूची गावं उठत होती. जिओसिटीज 2009च्या ऑक्टोबरात बंद पडलं. गूगल कोड 2006मध्ये थाटात उघडलं आणि 2016च्या जानेवारीत त्याला टाळं लागलं. सोर्सफोर्ज टिकलं, पण फसव्या डाउनलोड बटणांच्या जाहिरातींना कंटाळून 2013मध्ये गिंपसारखा मोठा प्रकल्प तिथून बाहेर पडला. 2018मध्ये मायक्रोसॉफ्टनं साडेसात अब्ज डॉलरला गिटहब घेतलं, तेव्हाही कित्येकांनी गाठोडं बांधून गिटलॅबचा रस्ता धरला. ‘जागा कुठली चांगली’ या प्रश्नावर आम्ही उगाच घसा कोरडा केला होता. विचारायला हवं होतं ते हे, की इथून निघायची वेळ आली तर काय काय उचलून नेता येईल? विंचू बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडतो. प्रकल्पानंही तसंच असावं.

आज आमचं बिऱ्हाड तसं आहे. मजकूर साध्या मार्कडाउन फायलींत. जेकिल त्यातून तयार एचटीएमएल पानं काढतं. हे जेकिल 2008चं, गिटहबच्याच एका संस्थापकानं लिहिलेलं. म्हणजे नोटपॅडमध्ये हातानं करत होतो तेच काम फिरून आलं, फक्त आता यंत्र करतं. उद्या कोडबर्गसारख्या दुसऱ्या ठिकाणी जायचं ठरलं, तर सगळा संसार एका फोल्डरात मावतो. पत्ता मात्र स्वतःच्या डोमेनचा. त्याचे दरवर्षी काही शे रुपये जातात, पण घर बदललं तरी टपाल चुकत नाही. आणि पानावर एखादा काना राहिला, तर कुणीतरी अनोळखी माणूस सुधारून पाठवतो.

हे सगळं भाचीला सांगितलं आणि सहज विचारलं, “तुमचं लायसन्स कुठलं?”

“ते... राहिलंय बहुतेक.”

म्हणजे कायद्यानं त्यांचा प्रोग्राम ओपन सोर्स अजून झालेलाच नव्हता. लायसन्स नसेल तर सगळे हक्क लिहिणाऱ्याचेच राहतात. कोड डोळ्यांनी दिसतो, पण वापरायची परवानगी नसते. सोर्सफोर्जच्या त्या अर्जातल्या एका रकान्यानं आम्हाला आठवडाभर भांडायला लावलं होतं. हिला कुणी अडवलंच नाही.

ती लायसन्सची फाइल करत होती तोवर मी माळ्यावरची सीडी शोधून काढली. 2007च्या डेटाबेसचा बॅकअप उघडला, तर त्यात प्रश्नचिन्हंच. 2001ची पानं मात्र क्लिक केल्याबरोबर उघडली. मजूर अजून खणतोय, काउंटरच्या जागी फुटकी चौकट. मजकूर अर्थात भेळ, कारण फॉन्ट नाही.

“मामा, तुझ्याच प्रोग्राममधून काढ ना.”

काढला. फॉन्ट उतरवून घ्यायची विनंती आली, आमचं लांबलचक प्रास्ताविक आलं, आणि तळाला शेवटचं वाक्य आलं: ‘या प्रकल्पामागे कोणताही आथिर्क हेतू नाही.’

भाची इतकी हसली की तिला ठसका लागला. मी मित्राला फोन लावला. तो हसला नाही. म्हणाला, “त्या फॉन्टात रफार दोन जागी होता, आठवतंय? लॅपटॉप उघड.”